विलीन व्हायचे की जोडून घ्यायचे?



जिल्हा मेळाव्यापुढे जो ठराव येणार आहे त्यात दोन शब्द असे आहेत की ज्यांच्यावर आजवर कोणी बोलले नाही. एक इंग्रजी आहे, तो ठरावाच्या मथळ्यातच आहे : ‘युनियन’. दुसरा संस्कृत आहे, तो तिसऱ्या कलमात आहे : ‘विलीन’. गावोगावचे शेतकरी गट आणि तालुक्यांतल्या उत्पादक कंपन्या मिळून जिल्ह्याची एक युनियन करायची आणि ती झाली की हे सगळे गट तिच्यात विलीन झाले असे समजायचे, असा या ठरावाचा मथितार्थ आहे. आठही तालुक्यांत बैठका झाल्या. भाव, वजनकाटा, गोदाम, गाडीभाडे यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण एका बैठकीत एका कार्यकर्त्याने या दोन शब्दांचा विषय काढला तर त्याला उत्तर मिळाले, ‘‘शब्दात काय ठेवलंय, माल एका जागी आला म्हणजे झालं.’’

शब्दात काय ठेवले आहे हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. सातबारावर ‘भोगवटादार’ लागले की ‘कूळ’ लागले, एवढ्या एका शब्दाने आपल्या घराण्यांच्या दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आहेत. तेव्हा जो शब्द आपण उद्या आपल्या दारावर पाटी म्हणून लावणार आहोत तो कुठून आला, कोणी कोणी वापरला आणि वापरणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे आधी पाहून घेतलेले बरे.

कोलुमेला नावाचा एक रोमन लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. शेतीवर त्याने बारा भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कांदा मुरवून ठेवण्याची रीत सांगताना तो म्हणतो की त्यासाठी साधा एकेरी कांदा निवडावा, ज्याला खेडूत लोक ‘उनिओ’ म्हणतात. ‘उनुस’ म्हणजे एक. ज्याला पिले फुटलेली नाहीत, जो जोड नाही, असा एकच एक गड्डा म्हणजे उनिओ. त्याच शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘अनियन’ आला, आणि ‘युनियन’ही त्याच घरातला. आपल्याकडे १९८० साली चाकणच्या शेतकऱ्यांनी कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला आणि तिथून महाराष्ट्रातल्या शेतकरी चळवळीचे नवे पर्व सुरू झाले. कांदा आणि संघटन यांचे हे नाते योगायोगाचे आहे, पण शेतकऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. रोमनांनी मोठ्या मोत्यालाही हेच नाव दिले होते, कारण एका मोत्यासारखा हुबेहूब दुसरा सापडत नाही.

म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळात जोडणे नाहीच. एकटेपण आहे. अनेकांना मिळून एक करणे हा अर्थ नंतर आला, आणि इंग्रजीने पंधराव्या शतकाच्या सुमारास तो शब्द उचलला तेव्हा त्याच्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली होती. पहिली गोष्ट, अनेकांचे अनेकपण संपून एकच उरणे. दुसरी, अनेक राहूनच एकमेकांना बांधून घेणे. इंग्रजीत दोन्हींना युनियनच म्हणतात. मराठीत मात्र आपल्याकडे ‘एक होणे’ आणि ‘एकी करणे’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. भाऊ-भाऊ एकी करतात तेव्हा कोणी आपला हिस्सा सोडून देत नाही.

या सरमिसळीमुळे काय काय घडले ते पाहा. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे युनियन झाले आणि स्कॉटलंडची पार्लमेंट बंद पडली. ती स्वतःच्या रूपात पुन्हा भरायला १९९९ साल उजाडले. हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार मजुरांचा. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये कामगारांनी एकत्र येऊन मजुरी वाढवून मागणे हाच गुन्हा ठरवला होता. १८२४ साली ते कायदे रद्द झाले. पुढे १८३४ साली डॉर्सेट परगण्यातल्या टोलपडल नावाच्या खेड्यात सहा शेतमजुरांना पकडले. त्यांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आणली गेली होती आणि आणखी खाली येणार होती, म्हणून त्यांनी आपसांत मंडळ काढले होते. युनियन करणे तेव्हा गुन्हा राहिला नव्हता. मग सरकारने दुसरे कलम शोधले : यांनी गुप्त शपथ घेतली. प्रत्येकाला सात वर्षे काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाला हद्दपारीची, शिक्षा झाली. लोकांनी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा काढला, दोन वर्षांनी शिक्षा माफ करावी लागली. जगभरच्या युनियनवाल्यांच्या पूर्वजांमध्ये हे सहा जण मोजले जातात आणि ते गिरणीतले नव्हते, शेतावरचे होते. ही गोष्ट कामगारांच्या सभांत सांगितली जाते, शेतकऱ्यांच्या सभांत नाही. म्हणून इथे सांगितली.

महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, रविवारची सुट्टी मागितली आणि ती १८९० साली मिळाली. लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक विचारांचे. ‘युनियन’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो नंतर, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनमुळे. सुट्टीत गावी आलेल्या गिरणीवाल्या भावाबरोबर तो शब्द कोकणात आणि घाटावर पोचला.

आणि त्याच मुंबईत या शब्दातला ‘एकच एक’ हा अर्थ कामगारांच्या गळ्याशी आला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने असे ठरवले की एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन असेल आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क तिलाच असेल. कापड गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा कामगार एका बाजूला आणि त्यांचे कायदेशीर प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला, असा देखावा साऱ्या देशाने पाहिला. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, आणि गिरण्याही राहिल्या नाहीत. संप चूक की बरोबर, यावर आमच्यातच दोन मते आहेत. पण ज्या एकीतून माणसाला बाहेर पडता येत नाही आणि जिच्या आतूनही बोलता येत नाही, ती संकटाच्या दिवशी त्याच्या कामी येत नाही, एवढे त्यातून दिसते.

आता आपल्या भागाकडे या. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना युनियन शब्द ऐकला की कामगार आठवत नसत, देश आठवे. १५ ऑगस्ट १९४७ ला बाकी देश स्वतंत्र झाला आणि आपण निजामाच्या राज्यात राहिलो. जाफराबाद आणि मंठा या तालुक्यांची शीव बुलडाणा जिल्ह्याला लागून. शिवेपलीकडे ‘इंडियन युनियन’, अलीकडे हैदराबाद संस्थान. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘जॉइन इंडियन युनियन’ दिन पाळला. म्हणजे ज्या शेतकऱ्याला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते त्याने पहिली इंग्रजी घोषणा जी दिली असेल, तिच्यात हा शब्द होता. गंमत अशी की समोरच्या बाजूने ज्या मजलिसचे रझाकार उभे होते तिच्या नावातला ‘इत्तेहाद’ हाही ‘एक’ याच अर्थाच्या अरबी धातूपासून आलेला आहे. दोन्हीकडे एकीच होती. फरक होता तो कोणाशी, कोणाच्या मर्जीने आणि कोणाला वगळून, याचा. १७ सप्टेंबर १९४८ ला तो प्रश्न सुटला आणि त्या दिवसाचे मोल आम्ही कमी करत नाही.

पण त्यानंतरचा हिशेबही मांडला पाहिजे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. मराठी मुलूख एक होताना विदर्भ आणि मराठवाड्याला खर्चात, नोकऱ्यांत, शिक्षणात वाजवी वाटा मिळेल अशी आश्वासने त्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मराठवाडा बिनशर्त आला, असे आपण आजही अभिमानाने सांगतो. अभिमान ठीक आहे. मात्र अट नव्हती म्हणून आश्वासन न पाळल्याबद्दल जाब विचारायची जागाही नव्हती. राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ साली झाली, अनुशेष किती याचा हिशेब दांडेकर समितीने १९८४ साली मांडला, आणि मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ साली. तरतूद ते अंमल : अडतीस वर्षे. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली तेव्हा जिल्ह्यात कुठे त्याची चर्चा झाल्याचे आम्ही ऐकले नाही. आम्हाला महाराष्ट्रातून फुटून निघायचे नाही. जोडताना सांधा कागदावर पक्का केला नाही तर काय होते त्याचे घरचे उदाहरण म्हणून हे सांगितले.

राज्यघटनेचा विषय निघालाच आहे तर तिच्यात हा शब्द दोन ठिकाणी दोन वेगळ्या अर्थांनी आहे, तेही पाहून घ्या. पहिले कलम म्हणते की भारत हा राज्यांचा युनियन, म्हणजे संघ, असेल. ‘फेडरेशन’ का नाही, याचा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात केला होता : हा संघ घटक राज्यांनी आपसांत करार करून बनवलेला नाही, आणि म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. देशासाठी ते योग्यच होते. दुसरी जागा एकोणिसाव्या कलमात आहे. नागरिकांना मंडळे किंवा युनियन स्थापन करण्याचा मूलभूत हक्क तिथे दिला आहे. पुढे ९७ व्या दुरुस्तीने त्यात सहकारी संस्थाही घातल्या. ही युनियन नागरिक आपल्या मर्जीने करतो. पहिल्या कलमातली युनियन देशाची आहे, एकोणिसाव्या कलमातली माणसांची. आपल्या ठरावाचा घोटाळा असा की नाव एकोणिसाव्या कलमातले घेतले आहे आणि तिसऱ्या कलमात ‘विलीन’ घालून रचना पहिल्या कलमातली केली आहे. जालना जिल्ह्यातल्या मोसंबी-सोयाबीनवाल्यांची युनियन म्हणजे काही देश नव्हे की तिच्यातून गेलेल्याला फुटीर ठरवावे.

बाबासाहेबांनी बाजूला ठेवलेला ‘फेडरेशन’ हा दुसरा शब्द तर आपल्या कापूसवाल्यांच्या चांगल्याच ओळखीचा. त्याचे मूळ लॅटिन ‘फोएदुस’, म्हणजे करार, तह. विश्वास या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. इंग्रजीत त्याच मुळाचा ‘फेडरल’ हा शब्द आधी धर्मशास्त्रात वापरला गेला, देवाने माणसाशी केलेल्या कराराबद्दल. आपल्याकडे त्याचा अर्थ काय झाला? १९७२ पासून तीस वर्षे राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. ‘कापूस फेडरेशनला घातला’ म्हणजे नाइलाजाने घातला, कारण दुसऱ्याला विकायची मुभा नव्हती आणि राज्याच्या शिवेबाहेर बैलगाडी न्यायची म्हटली तर पोलीस. पैसे हप्त्याहप्त्याने, कपात आधी. काही वर्षी योजनेने भाव सावरला, हे आम्ही नाकारत नाही, आणि त्या वर्षांची आठवण ठेवणारे शेतकरी आपल्याच बैठकांत आहेत. पण ज्या शब्दाचा अर्थ करार, त्याच्या व्यवहारात शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. २००२ साली एकाधिकार संपला. फेडरेशन या शब्दाबद्दलचा संशय मात्र बापाकडून मुलाकडे आला आणि आज एखादा गट महासंघात यायला कचरतो तेव्हा त्याला आडमुठा म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा.

मग युनियन हा शब्दच टाकून द्यायचा का? आम्हाला तसे वाटत नाही, कारण या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या बागांमध्ये रोज डोळ्यांसमोर उभा आहे. आमच्यापैकी जे कृषी महाविद्यालयात शिकले त्यांना तो पुस्तकातून कळला, बागवानाला तो हाताने कळतो. मोसंबीचे कलम जिथे बांधतात, खुंटाच्या सालीत डोळा जिथे भरतात, त्या जागेला इंग्रजी बागशास्त्रात ‘बड युनियन’ म्हणतात. आपण तिला कलमाचा सांधा म्हणतो.

या सांध्यात काय होते? खाली खुंट रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा. वर डोळा मोसंबीचा. सालीखालचा जिवंत थर दोघांचा एकमेकांना भिडला तर जखम भरून येते आणि पाणी-अन्न वरखाली वाहू लागते. झाड एक दिसते, एक म्हणून जगते, फळ देते. पण वीस वर्षांनी जरी खोड चिरून पाहिले तरी सांध्याच्या वर मोसंबीच असते आणि खाली लिंबूच. कोणी कोणात विरघळलेले नसते. विरघळले असते तर कलम करण्याचा फायदाच राहिला नसता. खुंटाचा काटकपणा आणि वरच्या झाडाची गोडी, दोन्ही टिकतात म्हणून तर कलम बांधायचे.

आणि बागवानाला माहीत असलेल्या बाकीच्या गोष्टी. बांधलेली पट्टी वेळेवर सोडली नाही तर तीच खोडाला काचते. लावणी करताना सांधा जमिनीच्या वर वीतभर उघडा ठेवावा लागतो. मातीत गाडला गेला तर तिथून बुरशी शिरते, डिंक्या लागतो आणि चांगली दहा वर्षांची बाग बसते. सांध्याखालून खुंटाला फुटवे आले तर लगेच काढावे लागतात, नाही तर चार वर्षांत लिंबाचेच झाड होते आणि मोसंबी वाळते. शिवाय हरेक जोडी जमतेच असे नाही. आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेली मोसंबीवर्गीय झाडे ब्राझीलमध्ये १९४० च्या दशकात ट्रिस्टेझा नावाच्या रोगाने लाखोंनी मेली. आंबट संत्रा आपल्या मुळावर त्या विषाणूला दाद देत नव्हता, गोड संत्राही एरवी तग धरत होता. दोघांच्या सांध्यात मात्र अन्न वाहणाऱ्या नळ्या मेल्या आणि झाड वरून खाली वाळले. मग तिथल्या बागवानांनी खुंट बदलला आणि आपल्या ओळखीचा रंगपूर लिंबू घेतला.

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या बागा वाळल्या, तोडून सरपणाला विकल्या गेल्या. ज्यांनी त्यानंतर पुन्हा लावल्या त्यांनी रोपवाटिकेत जाऊन आधी काय पाहिले? फळाचे चित्र नव्हे. खुंट कशाचा आणि सांधा किती उंचीवर, हे पाहिले. जिल्ह्याच्या युनियनचा ठराव वाचताना आम्हाला तेच पाहायचे आहे.

ठराव मांडणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. जालन्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांची संघटना आहे, हमाल-मापाड्यांची आहे, गाडीवाल्यांची आहे. हमालांनी तर ती लढून मिळवली, डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे पाठीवरच्या पोत्याला हिशेब आला. यातल्या एकानेही काम थांबवले की बाजार बंद. नसतो तो फक्त शेतकरी. तो ट्रॅक्टर घेऊन फाटकाबाहेर एकटा. बारा गटांचे बारा प्रकारचे प्रतवारीचे माप, कोणाचीच गाडी भरत नाही, आणि व्यापारी एका गटाला पन्नास रुपये जास्त देऊन बाकीच्यांचा भाव पाडतो. हे थांबवायचे तर एक नाव, एक प्रत, एक काटा पाहिजे. मान्य. पण यातल्या कशासाठीही गट विलीन व्हावे लागत नाहीत. कंपनी कायद्यात २००२ साली जी उत्पादक कंपनीची तरतूद झाली तिच्यात दहा उत्पादक व्यक्तींना जशी कंपनी काढता येते तशी दोन किंवा अधिक उत्पादक संस्थांना मिळूनही काढता येते. म्हणजे तालुक्यातल्या कंपन्या आपले नाव, आपले भागभांडवल, आपले संचालक ठेवून जिल्ह्याच्या कंपनीच्या सभासद होऊ शकतात. कायद्यानेच सांध्याची सोय ठेवली असताना आपण विरघळण्याचा अर्ज का करायचा?

मात्र इथे एक मेख आहे. सभासद फक्त संस्थाच असतील तर पहिल्या वर्षी मताचा हक्क भागभांडवलावर आणि नंतर आदल्या वर्षी केलेल्या व्यवहारावर ठरू शकतो. जिची उलाढाल मोठी तिचे मत मोठे. जाफराबाद-भोकरदनच्या लहान गटांनी हे आत्ताच वाचून घ्यावे, नाही तर एके दिवशी सांध्याखालचा फुटवा वरच्या झाडाला भारी पडेल. सभासदांत व्यक्ती आणि संस्था असे दोन्ही असतील तर एक सभासद एक मत हा नियम लागतो. दोन्हींतला कोणता प्रकार हवा, हे मेळाव्यात हात वर करून ठरवण्याजोगे आहे.

एकत्र येऊनही वेगळे राहणे आपल्याला नवीन नाही. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. कुठे वारंगुळा म्हणतात. दोन दिवस तुझे रान, दोन दिवस माझे. औत एक, जू एक, पण संध्याकाळी बैल ज्याच्या त्याच्या गोठ्यात. चारा कोणी घालायचा, पाऊस आला तर पाळी कोणाची, हे आधी ठरलेले असते, आणि मृगात सावड मोडणाऱ्याला गाव नाव ठेवते, मोडायची तर हंगाम संपल्यावर. उत्तर भारतात शेतकऱ्यांनी ‘युनियन’ हाच शब्द घेतला, भारतीय किसान युनियन, आणि तिच्या पुढे इतक्या शाखा फुटल्या की नावामागे कंसात पुढाऱ्याचे किंवा गावाचे नाव घालावे लागले. तरी २६ नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर दिल्लीच्या शिवेवर याच तुकड्या, एकमेकांत न मिसळता, एका संयुक्त मोर्च्याखाली बसल्या आणि १९ नोव्हेंबर २०२१ ला सरकारला कायदे मागे घेण्याची घोषणा करावी लागली. ते कायदे शेतकऱ्याच्या हिताचे होते की नव्हते यावर या पत्रकाच्या वाचकांत दोन तट आहेत आणि ते भांडण इथे उकरायचे नाही. आम्हाला त्यातला सांधा पाहायचा आहे. ज्यांची आपसांत तोंडे दोन दिशांना होती ते तेरा महिने एका मंचावर टिकले, कारण विलीन व्हा असे कोणी कोणाला म्हटले नाही.

तेव्हा आमची दुरुस्ती अशी. नाव ‘युनियन’ राहू द्या, संघ म्हणा, काहीही म्हणा. तिसऱ्या कलमातला ‘विलीन’ शब्द काढा आणि तिथे ‘करारान्वये जोडलेले’ घाला. करारात निदान एवढे असावे : गटाचा जुना शिल्लक निधी गटाच्याच खात्यावर राहील. मालाचे वजन आणि प्रत गावातच लावून पावती गावातच मिळेल. ठरलेल्या किमान भावाखाली विकायचे झाल्यास गटाची संमती लागेल, तीही ठरावीक तासांत, नाही तर मोसंबी कोणाची वाट पाहत नाही. जिल्ह्याच्या कमिटीचा हिशेब दर बहार संपल्यावर गावच्या पारावर लागेल. सांधा उघडा ठेवायचा म्हणतात तो असा. आणि बाहेर पडायचे असेल त्या गटाला एका हंगामाची लेखी सूचना देऊन, घेतलेले कर्ज-उचल फेडून, आपले भागभांडवल घेऊन जाता येईल.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त विरोध होईल. भाव चढला की गट पळून जातील, असे म्हणतील. काही जातीलही. म्हणूनच एका हंगामाची सूचना, चालू सौद्यातून कोणालाही उठता येणार नाही. पण दार बाहेरून कडी घालून बंद ठेवले तर आत बसलेल्यांचा माल येईल, मन येणार नाही, आणि मग व्यापाऱ्याच्या पन्नास रुपयांना पाय फुटायला वेळ लागत नाही. कापसाच्या वेळी पोलीस असूनही गाड्या शीव ओलांडून जात होत्या.

दुरुस्तीचा मसुदा आणि मूळ ठराव दोन्हींच्या प्रती तालुका प्रमुखांकडे ठेवल्या आहेत. प्रत्येक गटाने आपली बैठक बोलावून दोन्ही मोठ्याने वाचावेत, मायबहिणींच्या गटांत वेगळे वाचन व्हावे, आणि जे ठरेल ते अध्यक्ष व सचिव या दोघांच्या सहीने मेळाव्याच्या आठ दिवस आधी पोचवावे. ज्या गटांना तिसरे कलम आहे तसेच हवे आहे त्यांनीही तसे लेखी कळवावे. त्यांचे म्हणणे पुढच्या अंकात इतक्याच जागेत छापू.